आसनावरून उठल्याबद्दल

सदर व्यक्ती स्त्री असून वय एकेचाळीस वर्षे पूर्ण. बांधा मध्यम. दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. ओळखचिन्ह : दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे वळ, कायमस्वरूपी. व्यवसाय : वाहक. कशाची वाहक, हा खुलासा अर्जात मागितलेला नसल्याने अर्जदाराने तो केलेला नाही. सध्याचा परवाना : बिनगिअरची दुचाकी. मागणी : गिअरची दुचाकी. मागील चौदा वर्षांतील अपघात, दंड, तक्रारी : निरंक.

निरंक हा शब्द छापील कागदावर फार देखणा दिसतो. रोज साठेक किलोमीटर गाडी हाकून चौदा वर्षांनी त्या रकान्यात तो लिहिता यावा, यासाठी काय काय करावं लागतं, ते लिहायला मात्र शेजारी रकाना नसतो.

ती वाहायची ते रक्त. शहरभर पसरलेल्या सव्वीस दवाखान्यांतून सकाळी काढलेले रक्ताचे नमुने गोळा करायचे, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पेटीत नळ्या उभ्या लावायच्या, पेटी पाठीला बांधायची आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेच्या खिडकीत नेऊन द्यायची. दवाखान्यांत तिला पेटीताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच असायचं.

रक्त हा माल मोठा मानी. आदळआपट सहन करत नाही. नळी जोरात हिंदकळली की आतल्या पेशी फुटतात, वरचं पिवळट पाणी तांबडं होतं आणि मग यंत्र वाट्टेल ते आकडे सांगायला लागतं. प्रयोगशाळेत याला 'नमुना फुटला' म्हणतात. नळी शाबूत, फुटलेलं असतं रक्त. मग त्या माणसाला परत बोलवायचं आणि परत सुई टोचायची.

पहिल्या वर्षी तिच्या पेटीतलेही नमुने फुटले. खिडकीत बसणाऱ्या तंत्रज्ञाने एकदा नळी उजेडात धरून तिला दाखवली. "बघा ताई, हे आजोबा तीन बसगाड्या बदलून आले होते." एवढंच म्हणाला. तिला ते झोंबलं. मग तिने एक पद्धत बसवली. खड्डा किंवा स्पीडब्रेकर दिसला की सीटवरून चार बोटं वर उठायचं, गुडघे सैल, कोपरं सैल. खालची गाडी काय उड्या मारायच्या त्या मारू दे, पाठीवरची पेटी जागची हलता कामा नये. कुणी शिकवलं नव्हतं. दोनेक वर्षांत ते अंगात इतकं भिनलं की तिला कळायचंही नाही. बसमधून जाताना स्पीडब्रेकर आला तरी ती उठायची. शेजारच्या बाईला वाटायचं, हिचा स्टॉप आला, आणि ती आपली पिशवी हिच्या जागेवर ठेवून द्यायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे आता कुणीतरी सुधारणा करणार हे उघडच होतं. प्रयोगशाळेने जुन्या स्कूटर लवकरच मोडीत काढायचं ठरवून नव्या मोटारसायकली घेतल्या. विमावाले म्हणाले, गिअरच्या गाडीचा परवाना हवा. व्यवस्थापकांनी तिला बोलावलं.

"ताई, तुम्हाला काय, एका सकाळचं काम. पण चाळीस दिवसांची मुदत आहे. त्यानंतर परवाना नसेल तर पेटी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. आणि इथे आत तर काही जागा नाही. माझा नाइलाज आहे, समजून घ्या."

तिने समजून घेतलं. नवरा बोटीवर स्वयंपाकी, वर्षातले दोन महिने घरी. घरात सासूबाई, वरच्या मजल्यावर दीर. दिराच्या मोटारसायकलवर ती सात दिवसांत गिअर शिकली आणि आठव्या दिवशी परीक्षेला जाऊन उभी राहिली.

परीक्षा परवाना कार्यालयाच्या मागच्या मैदानात. डांबरावर पांढऱ्या रंगाने आठचा आकडा काढलेला, पुढे अरुंद पट्टी, तिच्या कडेने प्लॅस्टिकचे शंकू, मग थांबायची रेघ आणि शेवटी नियमात सांगितलेल्या उंचीचा, पिवळ्या पट्ट्यांचा स्पीडब्रेकर. निरीक्षकसाहेब पत्र्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. मांडीवर फळी, फळीवर तक्ता, गळ्यात शिट्टी.

तिने आठ काढला तो असा, की रांगेतल्या लोकांनी बोलणं थांबवलं. पाय टेकला नाही. हात दाखवला, आरशात पाहिलं, रेघेवर चाक थांबलं ते एक बोटही पुढे गेलं नाही. शेवटी स्पीडब्रेकर आला. आणि शिट्टी वाजली.

"उतरा."

"झालं, साहेब?"

"झालं काय? उठलात कशाला?"

"कुठे?"

"ब्रेकरवर! सीटवरून उठलात तुम्ही."

"उठले असेन."

"असेन नाही, उठलात. मी इथे काय माश्या मारतोय? अहो, पोरंटोरं येतात इथे, उभी काय राहतात, हात काय सोडतात. त्यांना मी हाकलतो. तुमच्या वयाला शोभतं का हे?"

"साहेब, उठलं की हादरा बसत नाही."

"कुणाला?"

"नमुन्यांना."

साहेबांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. पाठीवर काहीच नव्हतं. तिनेही हात मागे नेऊन चाचपलं, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

"कुठायत नमुने?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

"रोज असतात हो. चौदा वर्षं असतात."

"मग चौदा वर्षं चुकताय."

तक्त्यात बारा रकाने होते. पाय टेकणे, रेघ ओलांडणे, गाडी बंद पडणे वगैरे. उठण्याचा रकाना नव्हता, कारण तो ठरवणाऱ्यांच्या डोक्यात कधी कुणी उठलंच नव्हतं. म्हणून साहेबांनी बारावा रकाना उघडला, 'इतर', आणि त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : परीक्षेदरम्यान आसनावरून उठून धोकादायक कसरत केली.

इथे कार्यपद्धती सांगायला हवी. पाय टेकला तर सात दिवसांनी पुन्हा परीक्षा. गाडी आडवी पडली तरी सात दिवसांनीच. पण 'इतर' मध्ये काही लिहिलं गेलं, की तीस दिवस, आणि अर्जदारास सदर प्रवृत्ती नाही असा वैद्यकीय दाखला, रक्ततपासणीसह. म्हणजे तिच्या मागच्या माणसाने त्याच सकाळी दोन शंकू पाडले आणि एक स्वतःच्या पायावर घेतला, तो सात दिवसांनी येणार. त्याच्या मागचा, ज्याने आरशात एकदाही पाहिलं नाही, पण जो ब्रेकरवर धान्याच्या पोत्यासारखा बसून राहिला, तो त्याच दिवशी उत्तीर्ण. रस्त्यावर तुम्ही कुणाला सांभाळता याच्याशी त्या मैदानाला घेणंदेणं नव्हतं. बूड कुठे आहे, एवढंच त्याला पाहायचं होतं.

ती आतल्या मोठ्या साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "रकाना 'इतर' आहे ना? मग त्यात मला हात घालता येत नाही." त्यात कुणालाच हात घालता येत नव्हता, म्हणून तर त्याचं नाव 'इतर'.

घरी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला चमचा पातेल्यात सोडून दिला.

"उठलीस म्हणून नापास?"

"हो, आई."

"पडली नाहीस?"

"नाही."

"कुणाला धडकली नाहीस?"

"नाही हो."

"त्या मेल्याला म्हणावं, माझी दातांची कवळी घालून बसल्या बसल्या जा त्या ब्रेकरवरनं, मग कळेल माणूस का उठतो ते!"

दाखल्यासाठी ती तिच्या फेरीतल्याच एका डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर फॉर्म वाचून इतके हसले की बाहेरचे रुग्ण आत डोकावले. मग त्यांनी तिचं रक्त काढलं, नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि इकडेतिकडे पाहिलं. नळी न्यायला यायचं होतं ते माणूस समोरच बसलेलं. तिने स्वतःची नळी स्वतःच्या पेटीत लावली, पेटी पाठीवर चढवली आणि नऊ ब्रेकर, एक रेल्वे फाटक ओलांडून खिडकीत नेऊन दिली. अहवालात वरच छापून आलं : नमुना उत्तम स्थितीत प्राप्त. हा कागद तिने जोडला. दुसऱ्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं : अर्जदारास आसनावरून उठण्याची प्रवृत्ती आढळली नाही.

"डॉक्टर, हे खोटं आहे," ती म्हणाली.

"खोटं कसं? तुम्ही पाऊण तास माझ्यासमोर त्या स्टुलावर बसला होतात. उठलात का?"

आता राहिलं होतं ते न उठणं. तीस दिवसांनंतर एकच परीक्षा, आणि तिच्यानंतर दोन दिवसांनी मुदत संपणार. दुसरी संधी नाही. दीर गल्लीच्या टोकाला स्पीडब्रेकरपाशी उभा राहायचा आणि ती रोज संध्याकाळी त्यावरून जायची. पहिल्या संध्याकाळी वीस फेऱ्या, वीसही वेळा उठली.

"वहिनी, परत उठलात."

"नाही उठले."

"अहो, तुमच्या खालून मला समोरचं किराणा दुकान दिसलं!"

मग सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. वय चौऱ्याहत्तर, वजन विचारायची कुणाची हिंमत नव्हती. त्या मागे बसल्या, दोन्ही हात सुनेच्या खांद्यांवर ठेवले आणि ब्रेकर आला की बरणीचं झाकण बसवावं तसं दाबायच्या.

"बस! बस म्हणते ना!"

"आई, दुखतंय."

"माझं काय दुखत नाही? मणका टाळूला लागला माझा. चल, फिरव परत."

पण सकाळी पेटी पाठीवर असताना उठायचं आणि संध्याकाळी सासू पाठीवर असताना बसायचं, हे शरीराला काही झेपेना. तिसऱ्या आठवड्यात ते गोंधळलं. संध्याकाळी सासूबाईंसकट उठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी असताना बसून राहिली. एक नमुना फुटला. तंत्रज्ञाने नळी उजेडात धरली आणि परत बोलवायच्या यादीत एक नाव लिहिलं.

"असं दोन्हीकडे पाय ठेवून नाही चालायचं, वहिनी," दीर म्हणाला. "परीक्षेच्या दिवशी अंगाला ऐनवेळी काय आठवेल, सांगता येतं का?"

तिने दहा दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं : बसायला शिकणे. व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ती त्या ब्रेकरवरून गेली. सुरुवातीला प्रत्येक धक्क्याला डोळे मिटायची, जणू कुणीतरी मुद्दाम थप्पड मारतंय आणि आपण गाल पुढे करतोय. सातव्या दिवशी सासूबाईंनी हात काढून घेतले. नवव्या दिवशी त्या खाली उतरल्या आणि ओट्यावर बसून पाहत राहिल्या. सून आली, ब्रेकरवर आदळली, बसलेलीच पुढे गेली. सासूबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्या दिराला म्हणाल्या, "चांगली चालवायची रे ही गाडी."

परीक्षेला तेच मैदान, तीच खुर्ची, तेच साहेब. आठ, पट्टी, रेघ. मग ब्रेकर. तिचे दात एकमेकांवर आपटले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, पण बूड जागचं हललं नाही. शिट्टी वाजली नाही.

"बघा!" साहेब अगदी मनापासून खूश झाले. "किती छान जमलं. उगीच त्या दिवशी नाटकं केलीत."

तिच्या तोंडात उत्तर होतं. चांगलं महिनाभर घोटलेलं, सासूबाईंनी त्यात स्वतःचीही भर घातलेली. पण तक्ता अजून त्यांच्या मांडीवर होता, आणि बारावा रकाना अजून रिकामा होता. तिने चष्मा वर सारला आणि म्हणाली, "आभारी आहे, साहेब."

मुदतीच्या आदल्या दिवशी परवाना हातात पडला. पेटी तिच्याकडेच राहिली. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की सदर व्यक्तीची प्रात्यक्षिक चाचणी घेण्यात आली असून, पूर्वी नोंदविलेल्या दोषाचे समाधानकारक निराकरण झाले आहे. सबब सदर व्यक्ती गिअरची दुचाकी मालासह सुरक्षितपणे चालविण्यास पात्र आहे.

नव्या गाडीवर तिने पूर्वीसारखं उठायचा प्रयत्न केला. उठायची, पण खड्डा मागे गेल्यावर. त्या पहिल्या आठवड्यात तिच्या पेटीतले सात नमुने फुटले. सात जणांना पुन्हा सुई टोचावी लागली. त्यातलं एक बाळ नऊ दिवसांचं होतं.