धोंड्याच्या महिन्यातला सायलेन्सर

माझे सासरे माझ्यावर कधी रागावत नाहीत, ही माझी जुनी तक्रार होती. लग्नाला चार वर्षं झाली तरी अकोल्याला जठारपेठेतल्या त्यांच्या घरी मी पाऊल टाकलं की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. "या जवाईबुवा, बसा." मग पंखा माझ्याकडे वळवायचे. निवृत्त वकील माणूस. सासूबाईंशी आणि माझ्या बायकोशी खणखणीत वऱ्हाडीत भांडणार, आणि माझ्याशी बोलताना समोर न्यायाधीश बसल्यासारखे शब्द तोलणार. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. ते होते तोवर अमरावतीच्या आमच्या घरात माझा उद्धार झाल्याशिवाय सकाळचा चहा होत नसे. त्यानंतर मला हक्काने झापणारं कोणी उरलं नाही. सासऱ्यांकडून तेवढं मिळावं असं फार वाटायचं, पण जावयाने ते मागायचं कसं?

त्यात अधिक महिना आला, ऐन पावसाळ्यात. म्हणजे धोंड्याचं जेवण, तेहतीस अनारसे, आणि जावई साक्षात नारायण. आम्ही आदल्या दिवशीच जाऊन पोचलो. संध्याकाळी सासूबाईंना आठवलं की पूजेची विड्याची पानं राहिलीच. "मी आणतो," म्हणून मी उठलो आणि मोटारसायकलची किल्ली मागितली.

ही मोटारसायकल म्हणजे सासऱ्यांचा जीव. तीस वर्षं ते तिच्यावरून कोर्टात गेले. काळी, जड, आणि तिचा तो लांब क्रोमचा सायलेन्सर! त्यात बघून भांग पाडावा. रोज संध्याकाळी जुन्या बनियनच्या फडक्याने तो पुसला जातो. एरवी मी किल्ली मागितली की तिच्यात पेट्रोल नसायचं. पण अधिक महिन्यात नारायणाला नाही कोण म्हणणार? त्यांनी किल्ली दिली, आणि बाहेर भुरभुर होती म्हणून स्वतःचा निळा रेनकोटही मला चढवला. बटणंसुद्धा त्यांनीच लावली.

पानं घेईपर्यंत पाऊस थांबला. मी रेनकोटाची गुंडाळी करून मागच्या सीटवर रबराने अडकवली आणि ऐटीत निघालो. वाटेत जळका वास यायला लागला. कोणीतरी टायर जाळतंय असं वाटून मी लोकांच्या अकलेवर मनातल्या मनात बरंच काही बोललो. वास मात्र घरापर्यंत सोबत आला.

रेनकोटाची एक बाही सुटून सायलेन्सरला चिकटली होती. वीतभर निळा, सुरकुतलेला, फुगलेला थर. उरलेली बाही कोपरापर्यंतच होती.

सासरे बाहेर आले. त्यांनी सायलेन्सर पाहिला, रेनकोट पाहिला, मग मला पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी मनातून तयार झालो, अगदी आशेने.

"असू द्या जवाईबुवा," ते म्हणाले. "होतं असं कधी कधी."

आणि आत गेले. दोन मिनिटांनी दूध उतू गेल्याबद्दल सासूबाईंना जे काही ऐकावं लागलं, ते सगळं माझं होतं. मला फार वाईट वाटलं. गाडीचं वाटलंच, पण या घरात आपण कायमचे पाहुणेच राहणार, याचं जास्त.

सकाळी लवकर उठून मी गरम पाणी आणि फडकं घेऊन अंगणात गेलो. सासूबाईंनी हातातून तांब्या काढून घेतला. "आजच्या दिवशी तुमाले गाडी पुसू देऊ काय? पाप लागंन आमाले!" तासाभराने मी पाटावर बसलो होतो आणि सासरे माझे पाय धूत होते. ताम्हण माझ्या पायांखाली, आणि त्यांची नजर उघड्या दारातून थेट सायलेन्सरवर. पाय आखडून घ्यावेत असं वाटत होतं.

जेवणं झाली. घर आडवं झालं. मी स्वयंपाकघरातून तारेची घासणी उचलली आणि नवा कुडता, कपाळावर कुंकू अशा थाटात सायलेन्सरपुढे उकिडवा बसलो. घासणी टेकवतो न टेकवतो तोच खिडकीतून गर्जना झाली.

"अबे ए! थांब! ताराची घासणी लावून राहिला काय क्रोमले? डोकं हाये का खोकं?"

सासरे अनवाणी बाहेर धावले. "तीस वर्षं झाले, या गाडीले फडक्याबिगर हात नाई लावला म्या! अन् तू भांडे घासून राहिला? शाळेत पोट्ट्यायले सायन्स शिकवतो म्हंते! गरम नळीवर पिलास्टिक वितळते, एवढं समजत नाई तुले?"

सासूबाई मागून आल्या. "अहो, जवाई हायेत थे! अधिक महिना हाये!"

"नारायण असला तरी ताराची घासणी लावू देईन का मी? काढ तो कुडता. लाकडी उलथनं आन. अन् रडल्यासारखं तोंड काहून केलं?"

रडल्यासारखं नव्हे, मी खरंच रडकुंडीला आलो होतो. आनंदाने. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मग धडा सुरू झाला. गाडी दोन मिनिटं चालू करून बंद केली. प्लास्टिक मऊ पडलं. उलथन्याची कड तिरकी धरून हळूच रेटायची, "हळू म्हनलं ना बे!" कढईच्या कडेची साय निघावी तशा निळ्या पट्ट्या निघाल्या. त्यानंतर सायलेन्सर पार थंड होईपर्यंत आम्ही पायरीवर बसलो आणि रेनकोट कसा बांधतात यावर मला व्याख्यान मिळालं. मग बायकोचं नेलपॉलिश पुसायचं औषध कापसावर घेऊन उरलेला चिकटा काढला. "गरमावर लावशीन तर पेटशीन," हे तीनदा ऐकलं. शेवटी टूथपेस्ट आणि जुनं बनियन. घासत मी होतो, चुका ते काढत होते. संध्याकाळपर्यंत सायलेन्सरमध्ये आमची दोघांची तोंडं दिसायला लागली. वळणाशी नखाएवढा निळा डाग तेवढा राहिला.

"राहू दे थो," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले आला का काहाडजो."

निघताना मी नमस्काराला वाकलो. ते खुर्चीतून उठले नाहीत. पंखाही त्यांच्याकडेच वळलेला होता.

अमरावतीच्या बसमध्ये मी एकटाच हसत होतो. मांडीवर अनारशांचा डबा घेऊन बसलेली बायको म्हणाली, "बाबांच्या शिव्या खाऊन एवढं खुश कोणी होते काय?"

"फार वर्षांनी खाल्ल्या," मी म्हणालो.