दुसरं व्हायोलिन

माझा थोरला भाऊ जन्मभर दुसरं व्हायोलिन वाजवत आला. मंडळी चौघांची: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. घरी आम्ही त्यांना चांडाळचौकडी म्हणायचो. सूर मिरवायचा पहिल्याने, दादाने फक्त खालून आधार द्यायचा.

"तुझं वाजवणं ऐकू तरी येतं का रे?" मी चिडवायची.

"नाही आलं तर बरोबर वाजलं समज," तो म्हणायचा.

मग त्याचे कान गेले. आधी वरचे सूर, हळूहळू बाकीचे. हे फक्त वहिनीला आणि मला माहीत होतं. "कुठे बोललीस तर खबरदार," त्याने मला बजावलं. "खुर्ची गेली की मी संपलो." चौघांत ताल द्यायला कुणी उभं नसतं. पहिला व्हायोलिनवाला श्वास घेतो, त्याचा खांदा उचलला जातो आणि सगळे सुरू होतात. दादा त्या खांद्यावर आणि गजावर डोळा ठेवून निभावून नेत होता. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत तालमी चालायच्या, तिथे कुणाला शंका आली नाही. कार्यक्रमाला मात्र मी जीव मुठीत धरून बसायची.

त्या दिवशी संथ भाग चालू असताना पहिल्याची तार तुटली. अशा वेळी सगळे थांबतात, तो आत जाऊन तार बदलून येतो. तो उठला, बाकी दोघांचे गज खाली आले. दादाची नजर नेमकी कागदावर होती. तो वाजवतच राहिला.

चेलोवाल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. कोपराने ढोसलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी गज उचलला आणि दादाच्या खांद्याकडे बघत आपली सुरांची ओळ धरली. पाठोपाठ व्हायोलावाले आले. इतकी वर्षं झाकलेली दादाची ओळ पहिल्यांदाच उघडी पडली. फार सुंदर होती. मी रडले, लपवायचं कशाला?

पान उलटताना दादाने वर पाहिलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. तरी त्याने तो भाग शेवटपर्यंत नेला.

आतल्या खोलीत कुणी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "माझ्या जागी कुणीतरी बघा." गज सैल करून त्याने पेटीत ठेवला. मग चेलोवाल्या बाईंच्या ओठांवर नजर लावून विचारलं, "माझी ओळ कशी वाटली हो?"

"इतकी वर्षं शेजारी बसले," बाई सावकाश म्हणाल्या, "पण कधी ऐकलीच नव्हती."

"मीही नाही," दादा म्हणाला.