गोळा वर जाईना...

सोमवारी सकाळी आमच्या ह्यांच्यावर ओरडत होते... आणि दुपारपर्यंत मीच पेशंट.

ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना दवाखान्यातून एक प्लास्टिकचा डबा दिला. आत तीन गोळे, बाहेर नळी. नळीतून श्वास आत ओढायचा, गोळे वर चढतात. फुफ्फुसाचा व्यायाम म्हणे... मला असली थेरं आवडत नाहीत, पण डॉक्टरनं सांगितलं की करायचं.

हे एक गोळा उचलायचे आणि "दुखतंय" म्हणून आडवे. माझी दुर्गदबैल बाजाराजवळ पिठाची गिरणी, गिऱ्हाईक खोळंबलेलं. म्हटलं, "लहान पोरासारखं काय करता? आणा इकडं." नळी धुतली आणि ओढलं.

एक गोळा जरा हलला... बाकीचे जागेवर.

"ऊदब्याड, एळी," हे हसत कानडीत म्हणाले. म्हणजे फुंकू नको, ओढ. अहो, मी ओढतच होते.

डबाच खराब म्हणून तणतणत मेडिकलवाल्या अण्णांकडं गेले. त्यांनी नवी नळी लावून ओढलं, तिन्ही गोळे टक्कन वर. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "अक्का, जिना चढताना दम लागतो काय?"

लागतो की. वय झालं, कुणाला लागत नाही...

अण्णांनी तिथनं तशीच डॉक्टरकडं धाडलं. छाती भरून श्वास घ्यायचा आणि मशीनच्या नळीत जोरात फुंकायचं. मशीनवरची बाई म्हणत राहिली, "इन्ना ऊद्री अज्जी, इन्ना..." अजून काय फुंकू? डोळ्यांपुढं अंधारी आली.

डॉक्टर म्हणाले, पिठाच्या धुळीनं श्वासाच्या नळ्या आकसल्यात. कितीही फुंकलं तरी प्रत्येकाच्या छातीत थोडी हवा मागं राहतेच, राहायलाच पाहिजे. तुमच्या छातीत जास्त अडकून राहते. मग नव्या हवेला जागा कुठली?

गिरणीत मागच्याचं थोडं पीठ राहतंच, हे मी रोज गिऱ्हाईकांना सांगते. खालून तुंबलं की वरून दाणे उतरत नाहीत, हेही नुसत्या आवाजावरून ओळखते. आणि माझी छाती इतकी तुंबली, ते मला कळलं नाही.

गिरणी बंद करायची का, हे विचारायचं टाळत होते. शेवटी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तोंडात मारायचा श्वासाचा पंप देतो, पण धुळीत जाल तर त्याचा उपयोग नाही.

आता धाकटी जाऊ गिरणी बघते. एक्झॉस्ट फॅन बसवलाय, तिला मास्कशिवाय आत पाऊल टाकू देत नाही. मी बाहेर खुर्ची टाकून बसते. लोक विचारतात, बाहेर का बसलीस, मी छातीचं सांगते... लाज कसली त्यात.

हे आता तिन्ही गोळे उचलतात आणि मला दाखवतात. माझा दुसरा अजून अर्ध्यावर लटकतो.

आयुष्यभर ह्यांच्या कुरकुरीला कावले. त्या दिवशी ते मुकाट्यानं ओढत बसले असते, तर मी तो डबा हातात घेतला असता होय? ती एक कुरकुर तेवढी मला लाभली.