पट, डांगरवाडी आणि माझी घागर

आमच्या गावचा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पूर्णेच्या कोरड्या पात्रात व्हायचा. नदीच्या वळणावर दोन्ही काठांना पुरानं आपोआप पायऱ्या पाडल्या होत्या. अमरावती-अकोल्याकडची माणसं त्यांवर ऐसपैस बसत आणि खाली वाळूत छकडे धावत. कुण्या गवंड्याला ते जमलं नसतं.

पटाची शेवटची रेघ जिथं होती, तिथूनच आमची डांगरवाडी सुरू होई. आम्ही भाजीपाल्यावर जगणारी माणसं. काठावरच्या मळ्यात मोटेच्या पाण्यावर वांगी-मिरच्या, नदीच्या वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं. त्या वर्षांत दूरदेशी लढाई लागली आणि कापसाला सोन्याचे दिवस आले. ज्यानं त्यानं उंबऱ्यापर्यंत पऱ्हाटी पेरली. पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, आणि मग त्यांना पटच आखूड वाटू लागला.

"तुही वाडी काढ. आमच्या बैलाईले जागा पुरत नाही," ते माझ्या घरधन्याला म्हणाले.

"मंग आमी काय खावं?"

"तुहे मोटेचे बैल आमच्या पुढं निंघाले, त वाडी राहीन."

सगळे हसले. मला असा राग आला की मीच बोलून गेले, "निंघतीन!"

पटाच्या दिवशी मी रेघेजवळ भरली घागर घेऊन उभी. जिंकून आलेल्या बैलांच्या पायांवर पाणी घालायची आमची रीत. छकडे सुटले आणि काय सांगू, आमची जोडी पुढे! रेघ पाच हातांवर राहिली आणि माझ्यानं दम धरवेना. पुढ्यातल्या दगडावर मी सगळी घागर ओतली, धो धो.

बैल जागीच थांबले. बारा वर्षं ते हेच करत आले होते. मोट वर येऊन पाणी पडल्याचा आवाज झाला की थांबायचं आणि उलट पावली विहिरीकडे सरायचं. तसेच ते छकड्यासकट मागे सरू लागले, अगदी शिस्तीत. पाटलांची जोडी बाजूनं निघून गेली. काठावरची माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

मला तोंड दाखवायची लाज वाटली. घरधनी मात्र बैलांच्या पाठी थोपटत होता.

"रडून काहून राहिली? त्याईचं काय चुकलं? आन तुहं तरी?"

दुसऱ्या दिवशी त्यानं वेल स्वतःच्या हातानं उपटले.

उन्हाळ्यात पाटील दारात आले. "लेकरं डांगर मांगून राहिले. जिकडं पाहा तिकडं पऱ्हाटी. वाडी लाव बाप्पा पुन्हा."

"कापूस चिरून द्या न त्याईले," मी आतून म्हटलं.

पाटलांनी हसून ऐकून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात वाडी लागली. बैलांचा पाय वेलांवर पडू नये म्हणून पाटलांनी पटाची रेघ जुन्या जागेपासून चांगली दहा हात मागे ओढायला लावली.

घरधनी तिथं जाऊन उभा राहिला. मग मोठ्यानं हसत मला म्हणाला, "इथं येऊन पाह्य. या रेघेनं त आपणच जिंकलो होतो!"