वहिनीने धुतलेला स्वेटर

माझी वहिनी जळकुकडी आहे. हे मी मागे बोलत नाही, तोंडावर सांगते. लाँड्रीत आम्ही दोघी दिवसभर एकाच काउंटरमागे उभ्या. मागे बोलायला सवड मिळतेच कुठे? दादाने शेजारणीच्या चहाचं कौतुक केलं तरी हिचं तोंड संध्याकाळपर्यंत फुगलेलं. आणि अशा बाईने रस्त्यावरून सोडवून आणलेली कुत्री-मांजरं सांभाळायची, माणसाळवायची आणि हसतमुखाने दुसऱ्याच्या हवाली करायची! हा उद्योग कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला, देव जाणे.

पण या कामाला हात हवा तो तिचाच. पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून जे हलत नाही ते जनावर प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या डॉक्टरीणबाई हिच्याकडे पाठवतात. त्याची जागा इस्त्रीच्या टेबलाखाली. वहिनी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. इस्त्री फिरवत राहते आणि अधूनमधून खिशातून उकडलेल्या अंड्याचा तुकडा खाली टाकते. हळूहळू ते तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायला लागतं. मग न्यायला माणसं येतात आणि हिचा जळफळाट सुरू. "त्या बाईची नखं पाहिलीस? कान खाजवणार की फाडणार?" एका गृहस्थांना तर तिने, हे मांजर रात्रभर घोरतं, असं ऐकवलं. "मीही घोरतो," म्हणाले आणि घेऊन गेले.

ठिपकीचं मात्र वेगळंच झालं. काळी कुत्री, एका कानावर पांढरा ठिपका, वाफेच्या फुसकाऱ्याला थरथरणारी. तिला बघायला शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या. आल्या त्या सरळ जमिनीवर बसल्या, ठिपकीकडे पाठ करून, आणि गप्प राहिल्या. ठिपकी टेबलाखालून निघाली, त्यांचे बूट हुंगून आली. वहिनीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिला जे जमायला आठवडे लागले ते या बाईने बसल्या जागी केलं होतं.

निवाऱ्याची एक रीत आहे. नेणाऱ्याने अंगावरचा न धुतलेला कपडा आधी पाठवायचा. तो कुत्र्याच्या अंथरुणात घातला की नव्या घराचा वास ओळखीचा होतो. बाईंनी निळा स्वेटर पाठवला, कोपराला रंग लागलेला. दुसऱ्या दिवशी मी मशीन उघडलं तर स्वेटर आत.

"वहिनी, हा धुवायचा नव्हता ना?"

"असला मळका कपडा कुणी अंथरुणात घालतं का, वन्सं?"

चोरी पकडली गेली की मी वन्सं होते. मी पुढे बोलले तर तिने इस्त्री आपटली. ठिपकी गेली तेव्हा तिच्या सामानात साबणाचा वास मारणारा तो स्वेटर होता आणि तळाशी वहिनीचा गाऊन, अंगावरून काढला तसाच.

तिकडे ठिपकीने अन्न सोडलं. पलंगाखाली गाऊनवर बसून आहे, बाहेर येत नाही, असा बाईंचा फोन आला. वहिनी चक्क खुलली. "नाहीच खाणार. तिला माझ्या हातची सवय," म्हणाली आणि शर्टांच्या कॉलरवर इस्त्री दाबताना गुणगुणत राहिली. मला तिची कीव आली आणि संतापही आला.

मग डॉक्टरीणबाईंचा फोन. आज खाल्लं नाही तर तिला पिंजऱ्यात परत आणते, म्हणाल्या.

"पिंजऱ्यात कशाला? मी ठेवते की!"

"तुमच्या टेबलाखाली नवीन आलंय ना? तुम्ही एक ठेवून घेतलीत की पुढचं मी कुठे पाठवू?"

वहिनीने फोन ठेवला. "पिंजऱ्यात मरेल गं ती," म्हणाली. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि चपला घातल्या. मीही निघाले.

बाईंनी दार उघडलं. त्यांचे डोळे सुजले होते.

"स्वेटर मी मुद्दाम धुतला," वहिनी उंबऱ्यातूनच म्हणाली. "आता अंगावरचं काहीतरी द्या. घामाचं."

बाई आत जाऊन सदरा बदलून आल्या आणि अंगातला तिच्या हातात दिला.

वहिनी पलंगाखाली आडवी झाली. ठिपकीची शेपटी फरशीवर आपटायला लागली. ती वहिनीचा हात चाटत होती, आणि वहिनीने तिच्या पोटाखालून गाऊन ओढून काढला. तिथे बाईंचा सदरा सरकवला. गोंजारलं नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा आतून ठिपकीचं रडणं ऐकू येत होतं. वहिनी थांबली नाही.

"मला त्या बाईचं बरं बघवत नाही," रस्त्यात म्हणाली.

"माहितेय," मी म्हटलं.

लाँड्रीत आल्या आल्या तिने गाऊन मशीनमध्ये टाकला, नेहमीसारखा दोनदा साबण घालून. दुसऱ्या दिवशी ती त्याची घडी घालत होती तेव्हा बाईंचा फोन आला. ठिपकीने खाल्लं होतं. बाईंच्या हातून, गाजर.

"गाजर! माझ्याकडे हुंगलंसुद्धा नाही कधी!"

फोन ठेवून तिने घडी मोडली. गाऊन नाकाशी धरला. इकडून हुंगला, तिकडून हुंगला, उलटा करून आतून हुंगला.

"काहीच राहिला नाही गं तिचा वास," म्हणाली.

राहणार कसा? वहिनीने धुतला होता.