खंडेनवमीला पुजलेला डबा

मुरुम गावचा माझा मित्र हल्ली मला एकाच कारणासाठी फोन करतो. त्याच्या घरातला वायफायचा डबा बंद पडला की. शाळेपासूनची दोस्ती आमची. मी धाराशिवला ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसलो, तो बापाच्या आडतीवर बसला, आणि आता आमच्यात उरलाय तो हा डबा. त्याचा पासवर्डसुद्धा मीच ठेवलेला, त्याच्या पोरीचं लाडाचं नाव. तब्येत कशी आहे, एवढंही तो विचारत नाही. तरी फोन वाजला की मला वाटतं, आज तरी सहज केला असेल.

यंदा दसऱ्याला सकाळीच त्याचा फोन आला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"गड्या, लाल दिवा लागलाय. नेट न्हाय."

"बंद करून चालू कर."

"लई येळा केलं की."

मग नेहमीचा वनवास सुरू झाला. पिवळी बारीक वायर बघ म्हटलं, तर हा टीव्हीची धरून बसला. शेवटी डब्याचा फोटो पाठवायला लावला. डब्याच्या कपाळावर हळदीकुंकवाची बोटं, डोक्यावर झेंडू.

"पूजा कुणी केली?"

"तुझ्या वहिनीनं. काल खंडेनवमी न्हाय का? काटा, मोटारसायकल, समदं पुजलं. मग म्हणली, ह्या डब्यानं काय पाप केलंय? वायर काढून पुसला, पुजला, अन् परत लावली."

त्याच कुंकवाच्या बोटांनी लावली असणार. त्या वायरीतनं नेट उजेड होऊन येतं, टोक मळलं की कारभार आटोपला. चष्म्याच्या कोरड्या फडक्यानं टोक हलकेच पुसायला लावलं. दिवा हिरवा झाला. पलीकडं खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता.

"काय गडबड आहे रे?"

"पोरीचा साखरपुडा हाय दुपारी. बंगळूरच्या पाव्हण्यांना येणं जमंना, त्यांना इथनं दाखवायचंय. मोबाइलच्या रेंजवर चित्र अडकतंय. जीव टांगणीला लागला होता बघ."

त्या पोरीला मी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलंय. धाराशिवहून मुरुम म्हणजे काही परदेश नाही. पहाटेच्या एसटीनं निघालो असतो तर जेवणाच्या कितीतरी आधी पोचलो असतो. "आजच साखरपुडा?" एवढंच मी विचारलं. त्याला जाणवलं असावं.

"घरचेच बोलावलेत रे," म्हणाला आणि फोन ठेवला.

आधी संताप आला. मग नुसतंच वाईट वाटत राहिलं, दुपारचं पुरणसुद्धा गोड लागलं नाही.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन घराबाहेर पडत होतो, तोच पुन्हा त्याचा फोन. माझ्या मेल्या मनाची आशा सुटेना. वाटलं, चुकलं म्हणेल. निदान दसऱ्याचं काही गोड बोलेल.

"झक्कास झालं गड्या! आता येक सांग. आलेल्या समद्यांनी पासवर्ड मागून घेतलाय. बदलायचा कसा? घरच्यांबिगर कुणाचं चालाय नको."

मी उंबऱ्यावरच बसलो. पानं बाजूला ठेवली आणि कुठं दाबायचं, काय उघडायचं, सगळं सांगत गेलो. नव्या पासवर्डची चौकट आली.

"काय ठेवू या?" मी विचारलं.

"त्यो टाकतो म्या," तो म्हणाला. "तू ठेव आता फोन."