देवरे काकांच्या सर्व्हरने श्रद्धांजली परत पाठवली

१. देवरे काका मागच्या मंगळवारी पहाटे गेले. झोपेतच.
२. नाशिकरोडच्या घरातला त्यांचा न्यूज सर्व्हर अजून चालू आहे.
३. तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या सगळ्या श्रद्धांजल्या त्याने परत पाठवल्या.
४. सर्व्हर बिघडलेला नाही.

जे ग्रुपवर नाहीत त्यांच्यासाठी: काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. घरच्या जुन्या लिनक्स मशीनवर त्यांनी एक चर्चागट चालवला. तो ब्राउझरमध्ये उघडत नाही. न्यूजरीडर नावाचा प्रोग्रॅम लागतो. तो काका स्वतः शेजारी बसून लावून द्यायचे.

मी कॉलेजात असताना त्यासाठी त्यांच्याकडे गेले होते.

"माउसशिवाय जमतं का तुला?"

"जमतं."

"मग टर्मिनलवाला घे. आणि नाव खरं टाक. टोपणनावानं भांडणारी माणसं नकोत मला."

काकू आतून म्हणाल्या, "खऱ्या नावानं भांडायला हे आहेत ना."

सर्व्हरला काकांनी एक अट घातली होती. उत्तरात दुसऱ्याचा मजकूर जास्त आणि स्वतःचा कमी असेल, तर पोस्ट परत.

काही जणांनी खाली नुसती टिंबं भरून ओळी वाढवल्या. त्यांना काकांचा फोन गेला.

"टिंबं वाचायला बसलोय का रे मी? सांगायचं असेल तर सांग, नाहीतर गप वाच."

एका नव्या मुलीने ग्रुपवर विचारलं होतं, नव्या लॅपटॉपवर न्यूजरीडर कुठला घेऊ? काकांनी लांबलचक, नीट उत्तर लिहिलं. ती त्यांची शेवटची पोस्ट.

ते गेल्यावर प्रत्येकाने तीच अख्खी पोस्ट वर ठेवली आणि खाली एक ओळ लिहिली.

मीसुद्धा.

माझीही परत आली.

काल काकू मशीनजवळ येऊन बसल्या.

"एवढी माणसं होती यांची. काय लिहिलंय, वाच ना."

स्क्रीनवर काकांची पोस्ट होती. तिच्याखाली काही नव्हतं.

"कुणीच नाही?"

"येतंय, काकू."

अट काढायला एक ओळ बदलावी लागेल. पासवर्ड काकांनीच मला दिलेला आहे.

मी ती बदलणार नाही.

नव्या लॅपटॉपवर रीडर नसेल तर कुठलाही टाका. सर्व्हरचा पत्ता आणि ग्रुपचं नाव तेच आहे. उत्तराला मूळ मजकूर आपोआप जोडणारी सेटिंग बंद करा. नाव खरं टाका.

मग काका तुम्हाला काय म्हणाले होते ते लिहा. झापलं असेल तर तेही.

माझं आज सकाळी गेलं. परत आलं नाही.

रविवारी तेरावा आहे. त्या दिवशी मी काकूंना सगळं वाचून दाखवणार आहे. त्यानंतर काकू आपल्या लेकीकडे राहायला जातील आणि मशीन बंद होईल.

शनिवारी संध्याकाळपर्यंत तुमचं उत्तर ग्रुपवर पाठवा.